संथपणाचे सोवळे

चित्रकाराच्या आयुष्यावरील चित्रपट म्हटला की त्याच्याविषयी वावगे बोलणे आपल्याकडील सुविद्य वर्तुळात असभ्यपणाचे मानले जाते. त्यातून तो चित्रपट फ्रेंच असेल, त्यात ऊन आणि ऑलिव्हची झाडे असतील, पात्रे मोजके बोलत असतील आणि कॅमेरा सावकाश सरकत असेल, तर टीकेची वाट जवळजवळ बंदच होते. ‘कंटाळा आला’ म्हणणाऱ्यावर संयम नसल्याचा आणि ‘यात घडते काय’ असे विचारणाऱ्यावर बाजारू अभिरुचीचा शिक्का बसतो. झिल बुर्दो या दिग्दर्शकाचा ‘रेन्वार’ (२०१२) हा चित्रपट या सभ्यतेचा पुरेपूर लाभ उठवतो. कान महोत्सवातील ‘अँ सर्तेन रगार’ विभागाचा समारोप त्याने झाला, पुढे ऑस्करसाठी फ्रान्सची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही तो गेला. आम्हांला मात्र तो निराशाजनक वाटतो. ही निराशा सकारण मांडण्याचा येथे हेतू आहे. कारण साहित्य आणि कला शिकवताना ‘संथ’ या विशेषणाला आपण जे मूल्य न तपासता देऊन टाकतो, त्याचा हिशेब यानिमित्ताने मागता येतो.

कथावस्तू थोडक्यात अशी. साल १९१५. प्येर-ओग्यूस्त रेन्वार हा चौऱ्याहत्तरीचा चित्रकार दक्षिण फ्रान्समधील कान्य-स्यूर-मेर येथील ‘ले कोलेत’ या आपल्या वाडीत राहतो आहे. पत्नी आलीन नुकतीच निवर्तली आहे. संधिवाताने हातपाय आखडले आहेत. घरातल्या बायका त्याला खुर्चीसकट उचलून बागेत नेतात. अशा घरात सायकलवरून आंद्रे ह्युशलिंग ही तांबूस केसांची तरुणी मॉडेल म्हणून येते. पायाला गोळी लागलेला मधला मुलगा ज्याँ आघाडीवरून बरा होण्यासाठी घरी परततो. आंद्रे आणि ज्याँ एकमेकांकडे ओढले जातात, म्हातारा चित्रे काढत राहतो, ज्याँ पुन्हा युद्धावर जातो. हा ज्याँ म्हणजे पुढे ‘ला ग्रांद इल्यूझियाँ’ (१९३७) आणि ‘ला रेग्ल द्यू जू’ (१९३९) निर्माण करणारा, आणि ‘द रिव्हर’ (१९५१) साठी बंगालमध्ये आलेला चित्रपटकार ज्याँ रेन्वार. आंद्रे म्हणजे त्याच्या पहिल्या मूकपटांची नायिका कॅथरीन हेसलिंग. एका घरात एक कला मावळत असताना दुसरी जन्माला येत होती. एवढी समृद्ध सामग्री हाती असताना चित्रपट पोकळ निघतो, याचे नवल वाटले पाहिजे.

जे चांगले आहे ते आधी मान्य करू. मिशेल बुके यांचा अभिनय संयत आणि भारदस्त आहे. मार्क ली पिंग-बिंग यांचे छायाचित्रण देखणे आहे, यात वाद नाही. या चित्रपटाच्या वेशभूषेला सेझार पुरस्कार मिळाला. ज्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी एक नग्न मॉडेल आहे त्याची सर्वांत ठळक दखल कपड्यांसाठी घेतली जावी, हा योगायोग बोलका आहे. देखणेपणाच्या पलीकडे मात्र या चित्रपटापाशी काय आहे, हा प्रश्न उरतो.

‘यातील प्रत्येक चौकट म्हणजे एक चित्र आहे’ हे अशा चित्रपटांविषयीचे ठरलेले प्रशस्तिवाक्य. आमच्या मते या स्तुतीतच दोष दडलेला आहे. रेन्वारच्या कॅनव्हासवर जो प्रकाश दिसतो तो त्याला निसर्गाने आयता दिलेला नव्हता. पानांतून गळणारे ऊन गोऱ्या त्वचेवर पडले की सावली करडी दिसत नाही, तिच्यात निळा आणि जांभळा मिसळलेला असतो, हे त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी डोळ्यांनी शोधले. तो शोध रंगांच्या भाषेत बसवताना त्यांनी वर्षानुवर्षे हेटाळणी सोसली. उत्तरायुष्यात त्याने पुन्हा वाट बदलली, रंगाचे पातळ थर एकावर एक चढवत तो तिशियन आणि रूबेन्स यांच्याकडे वळला. यातल्या प्रत्येक वळणामागे निर्णय आहे, धोका आहे, खोडलेले आणि खरवडलेले कॅनव्हास आहेत. बुर्दो यांचा कॅमेरा त्याच वाडीसारख्या उन्हात उभा राहतो आणि चित्रकाराला आयुष्याच्या अखेरीस मिळालेले फळ पहिल्याच दृश्यात विनासायास तोडून घेतो. मग चित्रकाराला करण्यासारखे काही उरतच नाही. त्याच्याभोवतीचे जग आधीच रेन्वारचे चित्र झालेले आहे. त्याने ते फक्त उतरवून काढायचे. चित्रकला म्हणजे सुंदर वस्तूंची नक्कल, हा जो समज दीडशे वर्षांपूर्वीच मोडीत निघायला हवा होता, तो हा चित्रपट अतिशय सुसंस्कृत आवाजात पुन्हा सांगतो.

हाताचेच पाहा. रेन्वारच्या उत्तरायुष्याची खरी कहाणी त्याच्या हातांची आहे. १८९० च्या दशकात सुरू झालेल्या संधिवाताने त्याची बोटे तळव्याकडे वळली. तळव्याच्या त्वचेला इजा होऊ नये म्हणून हातांना पट्ट्या बांधाव्या लागत. त्यावरून कुंचला हाताला बांधलेला असे, ही दंतकथा जन्मली. वस्तुतः कुंचला त्याच्या बोटांत कुणी तरी देत असे. मोठा कॅनव्हास पुरा पडावा म्हणून तो रुळांवर गुंडाळून वरखाली सरकवण्याची सोय केलेली होती. अशा स्थितीत त्याने ‘ले बेन्यूझ’ (१९१८-१९) हे मोठे चित्र पुरे केले आणि ३ डिसेंबर १९१९ रोजी तो वारला. शरीर असे आक्रसत असताना रेषा कशी बदलते? मनगट फिरत नसेल तर फटकारा कुठून येतो? या चित्रांतील मांसल, सैलसर, वाहत्या आकारांचा त्या आखडलेल्या हाताशी काही संबंध आहे का? साहित्याच्या विद्यार्थ्याला शैली आणि देह यांच्या नात्याचा यापेक्षा स्पष्ट धडा मिळणे कठीण. चित्रपट पट्ट्या दाखवतो, रात्रीच्या वेदनाही दाखवतो. पण कुंचला कॅनव्हासला टेकला की वेदना संपते आणि रंग लोण्यासारखे पसरू लागतात. या दृश्यांतील चित्रकाम गी रीब यांनी केले आहे. प्रख्यात चित्रकारांच्या नकली कृती बनवल्याबद्दल शिक्षा झालेले हे गृहस्थ. दुसऱ्याचा हात उसना घेण्याला आमचा आक्षेप नाही. चित्रकारपटाला तो बहुधा घ्यावाच लागतो. आक्षेप याला आहे की हा हात कधी चुकत नाही, अडखळत नाही, मागे येत नाही. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या माणसाचा तो हात आहे. खऱ्या चित्रकाराला पुढचा फटकारा ठाऊक नसतो. नेमके तेच न-ठाऊक-असणे पडद्यावर यायला हवे होते.

या कमतरतेचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. साशा गित्री या तरुण नाटककाराने १९१५ सालीच, म्हणजे या चित्रपटाची कथा ज्या वर्षी घडते त्याच वर्षी, ‘सू दे शे नू’ नावाचा एक छोटा मूकपट तयार केला. फ्रान्समधील नामवंत कलावंत काम करताना कसे दिसतात याची नोंद ठेवावी, हा त्याचा हेतू होता. त्यात रोदँ आहे, मोने आहे, आणि मोजक्या वेळापुरता रेन्वारही आहे. धाकटा मुलगा क्लोद शेजारी उभा राहून कुंचला हातात देतो आहे, म्हातारा सिगारेट ओढतो, काही बोलतो, मान झटकन वर करून पाहतो, आणि तो वाकडा हात कॅनव्हासकडे झेपावतो. तेथे ऊन सोनेरी नाही, संगीत नाही, सुभाषित नाही. पण त्या हाताची घाई आहे, टोचा मारावा तशी त्याची हालचाल आहे, आणि त्या वयातही लुकलुकणारी कमालीची उत्सुक नजर आहे. काही क्षणांच्या या हलत्या छायाचित्रांतून रेन्वारविषयी जे कळते ते जवळजवळ दोन तासांच्या चित्रपटातून कळत नाही. खरा रेन्वार संथ नव्हता, हेही त्यातून कळते.

दुसरी एक गोष्ट अशीच वाया गेली आहे. १९१३ पासून रिशार गिनो हा तरुण शिल्पकार, आंब्रुआझ व्होलार या चित्रविक्रेत्याच्या योजनेनुसार, रेन्वारच्या सूचनांबरहुकूम शिल्पे घडवत होता. नजर एकाची, हात दुसऱ्याचे. ती शिल्पे रेन्वारच्या नावाने गाजली, आणि अखेर १९७३ साली फ्रेंच न्यायालयाने गिनोला सहकर्ता म्हणून मान्यता दिली. कलाकृती कोणाची, ती पाहणाऱ्याची की घडवणाऱ्याची, हा प्रश्न ले कोलेतच्या आवारात रोज मातीच्या रूपाने उभा होता. या कथेत त्याला मोलाची जागा मिळत नाही. मिळाली असती तर म्हाताऱ्याभोवतीची प्रभावळ थोडी ढळली असती, आणि प्रभावळ ढळू न देणे हेच या चित्रपटाचे मुख्य काम आहे.

म्हणूनच रेन्वारच्या चित्रांविषयी चित्रपटाला काही मत आहे असे जाणवत नाही. त्याची अखेरची नग्नचित्रे हा कलेच्या इतिहासातील वादाचा विषय आहे. मातिस त्याला कान्यला जाऊन भेटला होता. पिकासोने त्याची उत्तरकालीन चित्रे स्वतःच्या संग्रही ठेवली. अमेरिकेतील बार्न्स यांच्या संग्रहात रेन्वारची १८१ चित्रे आहेत. दुसरीकडे, हीच चित्रे गोडगट्ट, सैल आणि पुनरुक्त आहेत असे म्हणणाऱ्या जाणकारांचीही कमी नाही; २०१५ साली बोस्टनच्या कलासंग्रहालयाबाहेर रेन्वारच्या विरोधात चक्क फलक घेऊन काही लोक उभे राहिले होते. बाजू कोणतीही घ्या, पण घ्या. चित्रकाराचे चरित्र सांगणाऱ्याला त्याच्या चित्रांविषयी मत नसावे, हे कवीचे चरित्र लिहून कवितेबद्दल मौन पाळण्यासारखे आहे. आपल्याकडील चरित्रात्मक कादंबरीच्या वाचकाला हा आजार अपरिचित नाही. नायकाच्या पायाशी बसून लिहिलेल्या त्या ग्रंथांत नायक सकाळी उठतो, सुविचार बोलतो आणि संध्याकाळी खिन्न होतो. बुर्दो यांचा रेन्वारही प्रत्येक बैठकीत त्वचा, रंग, आनंद यांवर एकेक वचन सोडतो. लिमोज येथे एका शिंप्याच्या घरी जन्मलेला, तेराव्या वर्षापासून चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगवून पोट भरलेला, यंत्राने तो धंदा बुडवलेला पाहिलेला हा कारागीर. आपण कलावंत आहोत यापेक्षा आपण हाताने काम करणारे आहोत, याचा त्याला अधिक अभिमान होता. त्याचा येथे प्रवचनकार झाला आहे.

युद्धाची गोष्ट अधिक गंभीर आहे. १९१४ ते १९१८ या काळात फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक मेले. प्येर आणि ज्याँ हे रेन्वारचे दोन्ही थोरले मुलगे जखमी झाले. त्याच काळात तो ऊन खाणाऱ्या, गुबगुबीत, निश्चिंत बायका रंगवत होता. हे धैर्य म्हणायचे की पलायन? जगात दुःख पुरेसे आहे, चित्राने आनंद द्यावा, ही त्याची भूमिका सर्वश्रुत आहे. पण मुलाचा पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आल्यावर त्या भूमिकेचे काय होते? या प्रश्नाला दोन खरी उत्तरे असू शकतात आणि दोन्ही बाजूंनी एखादे नाटक पेटू शकते. चित्रपट युद्धाला दारापर्यंत आणतो, एखाद्या दृश्यात जखमी चेहरे दाखवतो, आणि मग कॅमेरा पुन्हा गवतावरून सरकू लागतो. संथपणा येथे विचार टाळण्याचे साधन झाला आहे. जेथे पात्रांनी एकमेकांना उत्तर द्यायला हवे तेथे वारा वाहतो.

आणि आंद्रे? तिचा जन्म १९०० सालचा. चित्रपटाने तिला ज्या वर्षी त्या घरात आणले आहे त्या वर्षी ती पंधरा वर्षांची होती. पडद्यावर आपल्याला दिसते ती आत्मविश्वासाने वावरणारी प्रौढ तरुणी. हा बदल समजण्याजोगा असेलही, पण त्याने काय झाकले जाते तेही समजून घ्यावे. चित्रपटाची मूळ महत्त्वाकांक्षा तिच्या बाजूने कथा सांगण्याची आहे असे सुरुवातीला भासते. तिला नटी व्हायचे आहे, घरातल्या इतर बायकांसारखे मॉडेलची मोलकरीण होऊन राहायचे नाही. पुढे ज्याँने तिच्याशी १९२० साली लग्न केले. पत्नीला तारका बनवण्यासाठीच आपण चित्रपटात आलो, असे त्याने स्वतःच्या आठवणींत नमूद केले आहे. ‘नाना’ (१९२६) साठी वडिलांची चित्रे विकावी लागली. म्हणजे जिला पाहून बापाने चित्रे रंगवली, तिला पडद्यावर आणण्यासाठी मुलाने बापाची चित्रे विकली. पुढे दोघे विभक्त झाले, तिचे पडद्यावरचे जीवन लवकर संपले, आणि १९७९ साली, ज्याँच्याच मृत्यूच्या वर्षी, ती विस्मृतीत वारली. खरी कथा या देवघेवीत आहे. कॅमेऱ्याने मात्र तिच्याकडे म्हाताऱ्याच्या नजरेनेच पाहिले: खांदा, पाठ, केस, ऊन. तिचा आवाज पटकथेत आहे, तिची नजर कुठेही नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आमचे भांडण संथपणाशी मुळीच नाही. विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या समाजाला संथ लयीचे मोल कोणी शिकवायला नको. अतिविलंबित एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन मिनिटभरही चालते, पण त्या मिनिटात गवई रिकामा बसलेला नसतो. दोन मात्रांमधली जागा तो स्वरांनी भरतो, एका स्वराकडे चार वाटांनी जातो, आणि श्रोता समेची वाट पाहत असतो. द्रुत चीज नुसती ओढून लांबवली म्हणजे विलंबित होत नाही; ती फक्त रेंगाळते. मणि कौल यांच्या ‘उसकी रोटी’ मधली बसथांब्यावर उभी राहिलेली स्त्री आठवावी. तेथे काही घडत नाही असे म्हणणाऱ्याने ती वाट पाहणे पाहिलेलेच नसते.

चित्रकारांच्या चित्रपटांतही असे संथपण आहे. पीटर वॉटकिन्स यांच्या ‘एदवर्द मुंक’ (१९७४) मध्ये ‘आजारी मुलगी’ हे चित्र घडताना दिसते. मुंक रंग लावतो, खरवडतो, पुन्हा लावतो. त्या खरवडण्याच्या आवाजात बहिणीच्या मरणाची आठवण मिसळत जाते आणि आपल्याला कळते की हा माणूस कॅनव्हास खरवडत नसून स्मृती खरवडतो आहे. झाक रिव्हेत यांचा ‘ला बेल नुआझझ’ (१९९१) चरित्रपट नाही, पण त्याच्या जवळजवळ चार तासांत बोरूची कागदावरची करकर, मॉडेलचे अवघडलेले सांधे, फसलेली रेघ, टाकून दिलेला कागद हे सारे आपल्या डोळ्यांदेखत घडते. तेथेही हात उसनाच आहे, बेर्नार दुफूर या चित्रकाराचा. पण तो शोधत असतो, म्हणून आपणही त्याच्याबरोबर शोधतो. अशा चित्रपटांत वेळ लागतो कारण कामाला वेळ लागतो. ‘रेन्वार’ मध्ये काम वजा केले आहे आणि वेळ तेवढा शिल्लक ठेवला आहे. विशेष म्हणजे त्याचे छायाचित्रकार तेच आहेत ज्यांनी हौ श्याव-श्येन यांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ शांघाय’ (१९९८) मध्ये दिव्यांच्या उजेडातली दीर्घ, घुसमटलेली दृश्ये टिपली. तेथे त्या लांबलचक दृश्यांतून माणसे एकमेकांना विकत घेत होती, फसवत होती, तुटत होती. कॅमेरा त्याच माणसाच्या हाती असून एकीकडे काळ जड होतो आणि दुसरीकडे नुसता लांबतो, तेव्हा फरक दिग्दर्शकाच्या विचारात आहे असेच म्हणावे लागते.

यावर एक आक्षेप येईल: हा चित्रपट कथेचा नाही, वातावरणाचा आहे, इंद्रियसुखाच्या चित्रकारावरील चित्रपटाने इंद्रियसुखच द्यावे, हे सुसंगत नाही का? दिसायला हा युक्तिवाद आकर्षक आहे. पण रेन्वारचे इंद्रियसुख हे दुखऱ्या देहातून, युद्धाच्या छायेत, हट्टाने काढलेले आहे. तो विरोध काढून घेतला तर त्याच्या चित्रांत जे उरते तेच त्याचे निंदक म्हणतात: साखर. चित्रकाराचा गौरव करायला निघालेला चित्रपट नकळत त्याच्या निंदकांची बाजू सिद्ध करतो. उलट टोकाचे उदाहरणही नजरेसमोर असू द्यावे. रणजित देसाई यांच्या कादंबरीवर आधारलेल्या केतन मेहतांच्या ‘रंगरसिया’ मध्ये (२००८ साली पूर्ण, भारतात प्रदर्शित २०१४) घाई आहे, आरडाओरडा आहे, खटला आहे. त्याचे दोष वेगळे आणि ढोबळ आहेत, पण रविवर्म्याच्या चित्रांनी आणि छापखान्याने समाजात काही तरी उलथापालथ केली, एवढी जाणीव तरी त्याला आहे. त्याच्यावर आपण बिनदिक्कत टीका केली. ‘रेन्वार’ला मात्र मंद लयीचे सोवळे आहे, त्याला शिवायचे नाही.

फिल्म सोसायटीच्या चळवळीने आपल्याला थांबून पाहायला शिकवले, हे ऋण मोठे आहे. पण थांबून पाहायला शिकवणारी चळवळ हळूहळू थांबण्यालाच गुण मानू लागली. वर्गात आणि परीक्षणांत ‘काव्यात्म’, ‘चिंतनशील’, ‘चित्रमय’ ही विशेषणे लयीकडे पाहून वाटली जातात, आशयाकडे पाहून नव्हे. याचा तोटा विद्यार्थ्याला होतो. त्याला प्रामाणिकपणे आलेला कंटाळा तो लपवायला शिकतो, आणि कंटाळ्याचे कारण शोधण्याची जी चिकित्सक संधी असते ती दवडतो. कंटाळा हा निवाडा नव्हे, पण पुरावा जरूर आहे. त्याची उलटतपासणी व्हायला हवी.

अध्यापकांना आमचे सुचवणे एवढेच आहे. हा चित्रपट दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, पण त्याआधी गित्रीने टिपलेला तो रेन्वार दाखवा. मग मुलांना विचारा की १९१५ सालचा तो म्हातारा कशाच्या मागे लागला होता, आणि २०१२ च्या चित्रपटातला म्हातारा कशाच्या मागे लागला आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना सापडले तर आम्हांलाही कळवावे.